पार्थिव, धातू आणि पाषाण : झाशीतील मराठी देवांची कहाणी

झाशी म्हटले की मराठी मनासमोर प्रथम उभा राहतो तो घोडा, उपसलेली तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल. हे चित्र इतके तेजस्वी आहे की त्याच्या मागचा राणीचा रोजचा दिवस सहसा कोणाला दिसत नाही. तो पाहिला आणि लिहून ठेवला एका कोकणी भिक्षुकाने. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली द्रव्यार्जनासाठी उत्तर हिंदुस्थानात गेले, बंडाच्या धुमाळीत सापडले आणि झाशीच्या वेढ्याचे साक्षीदार झाले. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केला. राणीची दिनचर्या सांगताना गोडसे भटजी स्नानानंतरच्या तुळशीपूजेचा आणि त्यापाठोपाठच्या पार्थिवपूजेचा उल्लेख करतात. भिक्षुकाची नजर असल्यामुळे त्यांनी ही बाब टिपली. एखाद्या शिपायाने ती गाळली असती.

पार्थिव म्हणजे पृथ्वीचे, मातीचे. पार्थिवपूजेत शुद्ध मातीचे शिवलिंग हाताने घडवायचे, त्यावर देवाचे आवाहन करायचे, यथासांग पूजा करायची आणि पूजा संपली की त्याचे विसर्जन करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी माती, नवे लिंग. म्हणजे ज्या घराण्याकडे सोन्याचांदीच्या देवांची वाण नव्हती, त्या घराण्यातील राणीचा नित्याचा देव मातीचा आणि काही घटकांच्या आयुष्याचा होता. तीच राणी मंगळवारी आणि शुक्रवारी नगराबाहेरच्या तलावाकाठी असलेल्या महालक्ष्मीच्या दर्शनाला जात असे. तेथील देवी मात्र अचल, पिढ्यान्‌पिढ्या एकाच पीठावर स्थिर. या दोन टोकांच्या मध्ये झाशीतील सामान्य मराठी कुटुंबांचे देव्हारे होते : पितळेची अन्नपूर्णा, लंगडा बाळकृष्ण, चांदीचे टाक. देव कशाचा आहे, यावर त्याची सेवा कशी करायची हे ठरे. आणि संकट आले तेव्हा तो वाचणार की जाणार, हेही पुष्कळसे त्यावरच ठरले.

मूर्तीच्या द्रव्याचा विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. भागवत पुराणाच्या एकादश स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत : पाषाणाची, लाकडाची, धातूची, लेपाची म्हणजे माती-चुन्याने लिंपून केलेली, चित्राची, वाळूची, रत्नाची आणि आठवी मनाची. मनोमयी प्रतिमेला पाषाणाच्या पंक्तीत बसवणारी ही यादी करणाराचे कौतुक वाटते. पुढे प्रतिमांचे चल आणि अचल असे दोन भेद येतात. स्थिर मूर्तीला रोज आवाहन-विसर्जन नाही. चल मूर्तीच्या बाबतीत ते करावे किंवा न करावे, विकल्प आहे. वाळूच्या मूर्तीला मात्र ते दोन्ही हवे. लेपाच्या व चित्राच्या मूर्तीला स्नान घालू नये, ती नुसती पुसून घ्यावी, असेही तेथेच सांगितले आहे. पाण्याने काय विरघळते आणि काय टिकते, हे पाहूनच हा नियम झाला असला पाहिजे. शास्त्रकारांना द्रव्यगुण नीट ठाऊक होता.

झाशीत मराठी माणूस आला तो छत्रसालाच्या वारशाच्या मागोमाग. ओरछाच्या वीरसिंह देवाने 1613 च्या सुमारास बांगरा टेकडीवर बांधलेला किल्ला पेशवाईच्या ताब्यात आला, 1742 मध्ये नारोशंकर तेथे सुभेदार झाले आणि किल्ल्याखाली शहर वाढीस लागले. 1770 पासून कारभार नेवाळकरांकडे आला. हे घराणे मूळचे रत्नागिरी भागातील कोट गावचे, कऱ्हाडे ब्राह्मण. त्यांच्या मागोमाग कारकून, शास्त्री, पुराणिक, आचारी, वैद्य अशी शेकडो माणसे कोकणातून आणि देशावरून शेकडो मैलांची पायपीट करून आली. त्यांनी सोबत काय आणले असेल, याचा अंदाज देव्हाऱ्याच्या आकारावरून बांधता येतो. घरातील प्रतिमा अंगठ्याच्या पेरापासून वीतभर उंचीपर्यंतच असावी, त्याहून मोठी नको, असा मत्स्य पुराणाचा दंडक. धर्मशास्त्राचा हा नियम स्थलांतर करणाऱ्यांच्या पथ्यावरच पडला. वीतभर उंचीचा देव पडशीत मावतो.

पंचायतनाची पूजा करणाऱ्यांची सोय तर आणखीच चांगली. त्यात घडवलेली मूर्ती लागतच नाही. विष्णूसाठी गंडकीतील शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेतील बाण, गणपतीसाठी शोण नदीतील तांबूस खडा, सूर्यासाठी स्फटिक, देवीसाठी सुवर्णमुखी नदीतील धातूची चमक असलेला दगड. हे स्वयंभू मानलेले असल्याने त्यांना प्राणप्रतिष्ठेची गरज नाही. छिन्नी लागलेली नाही म्हणून अवयवभंगाचा प्रश्नही फारसा नाही. शाळिग्राम म्हणजे वस्तुतः ज्युरासिक काळातील समुद्रात राहणाऱ्या शंखवर्गीय प्राण्याचा जीवाश्म. त्यावरची चक्रे ही त्या प्राण्याच्या कवचाची वळणे होत. ज्या देवाला कोणा कारागिराने घडवले नाही, त्याला काळाने घडवले आहे, इतकाच या माहितीचा अर्थ घ्यावा.

कुलदेवतेचा टाक मात्र खास महाराष्ट्राचा. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेली देवाची आकृती. पत्रा पातळ असल्याने वर्षानुवर्षांच्या घासण्याने नाकडोळे पुसट होतात. मग सोनाराकडून टाक उजळून घ्यायचा, फारच झिजला तर नवा करवून विधिपूर्वक देव्हाऱ्यात बसवायचा. धातूचा देव असा पुन्हा मुशीत जाऊन परत येऊ शकतो. ही त्याची सोय आहे आणि हाच त्याचा धोकाही.

पाषाणाची गोष्ट वेगळी. बुंदेलखंडाचा पाया कणाश्माचा आहे, ज्याला बोलीत ग्रॅनाइट म्हणतात. झाशीचा किल्ला त्याच्याच टेकडीवर आणि त्याच्याच भिंतींनी उभा आहे. हा दगड तोफेला दाद देत नाही, आणि छिन्नीलाही सहजी देत नाही. म्हणून या प्रदेशातील उत्तम शिल्पे वालुकाश्मात आहेत. झाशीपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, बेतवेच्या काठी देवगड आहे (हा हापूसचा देवगड नव्हे). तेथील गुप्तकालीन दशावतार मंदिराच्या भिंतीवरील शेषशायी विष्णू, गजेंद्रमोक्ष आणि नर-नारायण यांचे शिल्पपट भारतीय कलेच्या कोणत्याही इतिहासात असतात. देवगड आज ललितपूर जिल्ह्यात आहे. 1974 पर्यंत तो भाग झाशी जिल्ह्यातच होता. जवळच बरुआसागरला प्रतिहारकालीन देवीमंदिर, जराई का मठ आहे. म्हणजे मराठे येथे आले तेव्हा मूर्तिकलेची हजार-बाराशे वर्षांची परंपरा त्यांच्या आधीपासून येथे नांदत होती, आणि तिच्यातील बरेचसे देव तोवर भंगलेही होते.

मूर्ती घडली म्हणजे देव झाला असे शास्त्र मानत नाही. प्रतिष्ठा झाल्यावर देवत्व येते आणि ते टिकवावे लागते. नुसती मूर्ती शाबूत असून भागत नाही. निबंधग्रंथांत देवतेचे सान्निध्य ज्या दहा प्रसंगी सुटते ते सांगितले आहेत. मूर्ती खंडित होणे, तडकणे, जळणे, पीठावरून ढळणे ही कारणे कोणालाही सुचतील. पण त्यांच्याच बरोबरीने पूजा बंद पडणे हेही एक कारण आहे. याचे कोष्टकच बौधायनाच्या नावावर निबंधकारांनी दिले आहे. एक दिवस पूजा चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट अर्चन. दोन दिवस चुकली तर महापूजा. त्याहून अधिक झाले तर संप्रोक्षण, म्हणजे मंत्रपूत जलाने शुद्धी. आणि महिन्याहून अधिक खंड पडला तर पुन्हा प्रतिष्ठा, काहींच्या मते तेथेही संप्रोक्षणच. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी 1790 मध्ये रचलेला ‘धर्मसिंधु’ हा या बाबतीतला मराठी घरांचा नेहमीचा आधार. त्या काळी विधीविषयी शंका आली की पुरोहित त्याकडेच वळत.

हे कोष्टक हाती धरून झाशीचा पुढचा इतिहास वाचला पाहिजे. 21 नोव्हेंबर 1853 रोजी गंगाधरराव वारले, दत्तक नामंजूर झाला आणि 1854 मध्ये संस्थान खालसा झाले. त्यानंतर राणीने ज्या गोष्टींबद्दल तक्रार केली त्यांत महालक्ष्मीच्या देवळाकडे लावून दिलेल्या गावाचे उत्पन्न सरकारजमा झाल्याची तक्रार होती. इंग्रज इतिहासकारांनीही ती नोंदवली आहे. पुष्कळ वाचकांना ही तक्रार किरकोळ वाटते. राज्य गेले, तेथे एका गावाच्या वसुलाचे काय? परंतु गावाचे उत्पन्न म्हणजे रोजचे तेल, नैवेद्य, फुले, पुजाऱ्याचे वेतन, शिखराची डागडुजी. ते बंद होणे म्हणजे पूजेत खंड पडण्याची वेळ येणे, आणि खंड पडणे म्हणजे देवतेचे सान्निध्य धोक्यात येणे. कंपनीच्या हिशेबाच्या वहीत ती एक ओळ होती. नेवाळकरांच्या लेखी ती कुलस्वामिनीच्या देवपणाची बाब होती. दोन्ही पक्ष एकाच गावाबद्दल बोलत होते, पण एकमेकांची भाषा त्यांना कळत नव्हती.

मार्च 1858 मध्ये सर ह्यू रोज याने झाशीला वेढा घातला. 3 एप्रिलला फौजा शहरात घुसल्या, 4 एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्याबाहेर पडली. त्यानंतरच्या दिवसांतील कत्तल आणि लूट गोडसे भटजींनी प्रत्यक्ष भोगली. त्यांच्या वर्णनात लुटीला एक भीषण शिस्त आहे : आधी सोने, चांदी, नाणे, त्यानंतर तांबे-पितळ, मग कपडे आणि धान्य. या क्रमात देव्हाऱ्यांचे काय झाले असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. चांदीचा टाक चांदीच्या पाळीत गेला असणार, पितळेचा बाळकृष्ण तपेल्या-घागरींच्या पाळीत. वजनकाट्याला देव आणि भांडे यांतला फरक कळत नाही. पाषाणाच्या मूर्तीला बाजारभाव नव्हता. तिला भय फोडले जाण्याचे होते. आणि मातीचे पार्थिव लिंग लुटण्यासारखे कधीच नव्हते, कारण ते सकाळी होऊन दुपारपर्यंत पुन्हा माती झालेले असे.

ज्या घरांत कर्ता पुरुष उरला नाही तेथे पूजेचा खंड महिन्याच्या आतच थांबला असेल असे मानण्यास जागा नाही. झाशीचे शहर आणि किल्ला 1861 मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांना देण्यात आला आणि 1886 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात इंग्रजांनी परत घेतला. मधल्या पंचवीस वर्षांत येथे पुन्हा मराठी अंमल होता. उरल्यासुरल्या मराठी कुटुंबांना आपले देव पुन्हा मांडायला थोडी उसंत मिळाली ती याच काळात. शहरातील गणेश मंदिर, ज्यात 1842 मध्ये राणीचा विवाह झाला असे झाशीत परंपरेने सांगतात, ते आजही मराठी मंडळींच्या एकत्र येण्याचे ठिकाण आहे.

भंगलेल्या मूर्तीचे काय करावे, याचे उत्तरही द्रव्यावरच अवलंबून आहे. अग्नि पुराणातील जीर्णोद्धाराच्या प्रकरणाप्रमाणे लाकडाची जीर्ण मूर्ती अग्नीला द्यावी, पाषाणाची पाण्यात सोडावी, धातूची व रत्नाची अथांग पाण्यात किंवा समुद्रात सोडावी. आणि त्याच मापाची, त्याच द्रव्याची नवी मूर्ती त्याच दिवशी बसवावी. जुन्या मूर्तीतील देवत्व आधी कलशात काढून घेतले जाते, म्हणजे पाण्यात सोडला जातो तो नुसता दगड. विहिरी-तलाव उपसताना जुन्या मूर्ती सापडतात तेव्हा प्रत्येक वेळी आक्रमकाची गोष्ट सांगितली जाते. कित्येकदा ती खरी असते. पण काही मूर्ती पुजाऱ्यानेच, डोळ्यांत पाणी आणून, विधिपूर्वक तेथे ठेवलेल्या असतात. आज मात्र गावोगावी पिंपळाच्या पारावर तडकलेल्या मूर्ती आणि फुटक्या काचेच्या तसबिरी ठेवून लोक मोकळे होतात. याला शास्त्रात आधार नाही आणि याने पिंपळाचीही शोभा वाढत नाही.

संकटातून वाचलेल्या मूर्तीला पुढे सावकाश झिजवते ती मात्र भक्तांचीच सेवा. पंचामृतातील दही आंबट असते. शाळेच्या प्रयोगशाळेत संगमरवराच्या चुऱ्यावर सौम्य आम्ल टाकले की बुडबुडे येतात, हे माध्यमिक वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेले असते. संगमरवरी मूर्तीवर रोज दही ओतले की तीच क्रिया अतिशय मंद गतीने घडते. वालुकाश्म सच्छिद्र असतो. तूप-तेल त्याच्या छिद्रांत शिरते, धूळ धरते, ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटू लागतात. तांब्याला आंबट लागले की हिरवा कळंक चढतो. तांब्याच्या भांड्यात दूध घेऊ नये हा आजीचा नियम त्यातूनच आलेला दिसतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. चिंच, लिंबू किंवा बाजारातील पावडर लावून ते दर सणाला घासले तर दर सणाला धातूचा एक सूक्ष्म थर जातो. चाळीस-पन्नास वर्षांत बाळकृष्णाचे हसू पुसले जाते. मऊ कापड, कोमट पाणी, लगेच कोरडे करणे आणि घासण्याची हौस आवरणे एवढे पुरे असते.

या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला प्रसंग कोल्हापूरचा आहे. झाशीप्रमाणेच तेथेही देवी महालक्ष्मी. अंबाबाईची ती प्राचीन पाषाणमूर्ती शतकानुशतकांच्या स्नान-अभिषेकाने झिजत गेली. 1955 मध्ये तिला वज्रलेप झाला, पुढे मूळ मूर्तीवरील अभिषेक थांबवावे लागले आणि 2015 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांकडून रासायनिक संवर्धन करून घेण्यात आले. त्या वेळी मूर्तीच्या मस्तकावरील नागाच्या चिन्हावरून वाद पेटला. श्रद्धा आणि रसायनशास्त्र यांचे भांडण असे त्याचे चित्र रंगवले गेले, ते एकांगी होते. मूर्तीला लेप देऊन जपण्याची कल्पना प्रयोगशाळेतून आलेली नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णीची फळे, कवठे, सावरीची फुले, सालईचे बी, वेखंड इत्यादींचा काढा अष्टमांश होईपर्यंत आटवायचा, त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेलफळ वगैरे मिसळायचे आणि तो कढत असताना मंदिराला, लिंगाला, प्रतिमेला लावायचा. हा लेप कोटी वर्षे टिकतो असे तो म्हणतो. त्यातील अतिशयोक्ती सोडून दिली तरी, मूर्ती झिजते आणि तिला जपणे हे धर्मकृत्य आहे, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे. अनेक देवळांत आता मूळ मूर्तीला फक्त पूजा आणि अभिषेक लहान धातूच्या उत्सवमूर्तीवर, अशी विभागणी आहे. चल आणि अचल हा जुना भेद येथे उपयोगी पडला.

मातीच्या देवाची गोष्ट अलीकडे वेगळ्या कारणाने बिघडली. भाद्रपदातील गणपती हा मूळचा पार्थिव गणेशच. प्राणप्रतिष्ठा, पूजा, उत्तरपूजा आणि विसर्जन हा सारा विधी माती पाण्यात विरघळते या एका गोष्टीवर उभा आहे. विष्णुभटांच्या वरसईजवळचे पेण आज गणेशमूर्तींसाठी सर्वत्र ओळखले जाते. तेथेही शाडूच्या जोडीला प्लास्टर ऑफ पॅरिस आले. जिप्सम भाजून केलेली ही भुकटी पाण्याशी मिळताच पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. ती पाण्यात मातीसारखी सुटी होत नाही, आणि तिच्यावरच्या रंगांचा प्रश्न निराळाच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 मध्ये मूर्तिविसर्जनाचे मार्गदर्शक नियम काढले आणि 2020 मध्ये ते सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई सुचवली. मूर्तिकारांच्या पोटाचा प्रश्न यात आहे आणि तो खोटा नाही. प्लास्टर हलके, स्वस्त, प्रवासात न फुटणारे असते. पण समुद्रकाठच्या गावापेक्षा झाशीसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक बोचतो. येथे समुद्र नाही. महालक्ष्मीच्या देवळासमोर लक्ष्मी ताल आहे, आणि तलावाच्या साचलेल्या पाण्यात जे सोडले ते तेथेच राहते. दहा दिवस ज्याची आरती केली तो गजानन पंधरवड्यानंतर हातपाय तुटून काठाला लागलेला पाहणे, हे खंडित मूर्तीविषयी इतके नियम करणाऱ्या परंपरेला शोभणारे नाही.

झाशीच्या भर वस्तीत राणी महाल आहे. संस्थान खालसा झाल्यावर राणीचे वास्तव्य येथे होते. आज ही वास्तू पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संग्रहालयात रूपांतरित झाली असून अंगणात आणि ओवऱ्यांत आसपासच्या प्रदेशातून आणलेली नवव्या ते बाराव्या शतकातील शिल्पे मांडलेली आहेत. हात तुटलेले विष्णू, मस्तक नसलेल्या देवी, अर्धेच उरलेले द्वारपाल. अग्नि पुराणाच्या नियमाने त्यांची जागा खोल पाण्यात होती; ती येथे कोरड्या सावलीत आहेत, त्यांना ना स्नान, ना नैवेद्य, आणि म्हणूनच त्यांच्या वस्त्रांच्या चुण्या आणि अलंकारांचे मणी हजार वर्षांनंतरही मोजता येतात. राणीच्या नित्यपूजेतील पार्थिव लिंगांपैकी एकही अर्थातच कोठे उरलेले नाही. ती उरण्यासाठी केलेलीच नव्हती.